देव रुसले, डोंगरावर बसले

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि जाताना चपलेचा जोड. पाहुणा खूश होऊन गाडीत बसतो, आणि शहराबाहेर डोंगरांवर कोण कोण बसलंय याचा त्याला पत्ताही नसतो. म्हणून ही दोन दिवसांची गाडीवाट. टाकी भरून घ्या, डिकीत रेनकोट टाका, आणि पायात पटकन निघेल अशी चप्पल घाला. दिवसातून दहा वेळा काढावी लागणार आहे.

आधी एक हिशेब. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे तीन हजारांहून जास्त देवळं आहेत. रोज एक पाहायचं म्हटलं तरी आठ वर्षं जातील. आपल्या हातात फक्त शनिवार-रविवार. तेव्हा निवड मीच केली आणि कसोटी एकच लावली: जिथला देव माणसासारखा वागतो, ते देऊळ आधी. आमच्याकडचे देव रुसतात, पाठ फिरवतात, समजूत काढायला एकमेकांच्या दारी जातात. एकाचं तर लग्न कट्यारीच्या रूपात लागतं. पण ते पुढं.

सूर्य ठरल्या दिवशी हजर

सुरुवात गावातूनच, कारण अंबाबाईला न सांगता कोल्हापूरकर वेस ओलांडत नाही. देवळाचं तोंड पश्चिमेला. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप ओलांडतं आणि गाभाऱ्यात पोचतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. हाच किरणोत्सव.

या तारखांमागची गंमत फार कमी जणांच्या लक्षात येते. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी पहिला किरणोत्सव आणि साधारण सहा आठवडे नंतर दुसरा. दक्षिणेकडे सरकणारा सूर्य क्षितिजावरच्या ज्या जागी नोव्हेंबरात मावळतो, परत येताना त्याच जागी फेब्रुवारीच्या तोंडावर पुन्हा मावळतो. गवंड्यांनी ती जागा हेरली आणि देऊळ तिच्या रेषेत बसवलं. सूर्याचं गणित आजही चुकत नाही. चुकवतो तो ढग, धुरळा, नाहीतर वाटेत उभी राहिलेली कुणाची तरी जादा मजल्याची इमारत.

आणखी एक. देवीच्या मूर्तीमागे सिंह आहे. लक्ष्मीजवळ सिंह कसा, हा प्रश्न विचारलात तर कोल्हापुरात तुमची संध्याकाळ छान जाईल. विष्णुपत्नी महालक्ष्मी की आदिशक्ती अंबाबाई, यावर इथं अजून जोरात भांडता येतं. जुना कोल्हापूरकर ‘अंबाबाई’च म्हणतो. मीही.

लक्ष्मी म्हणणाऱ्यांची गोष्ट मात्र झकास आहे. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूनं रागावायचं सोडून उलट ऋषींचेच पाय चेपले, आणि छातीत वास करणारी लक्ष्मी रुसून वैकुंठ सोडून करवीरला आली. नवरा शोधत निघाला, तो तिरुपतीला थांबला. म्हणून दर नवरात्रात तिरुपतीच्या देवस्थानाकडून इथं मानाचा शालू येतो. रुसवा काही गेलेला दिसत नाही, पण शालू ठेवून घेतला जातो.

जेवणाचं बोलावणं राहिलं

पहिली टेकडी शहराच्या पूर्वेला, टेंबलाईची. बाहेरगावची माणसं हिला गाळून थेट जोतिबाला पळतात. चूक करतात.

गोष्ट अशी. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. मरताना त्यानं वर मागितला: गावाला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी माझ्या नावानं कोहळा फोडला जाऊ दे. ज्या राक्षसाला मारलं त्याचंच नाव मिरवणारं हे शहर. पत्ता लिहिताना आपण रोज त्याचा वर पाळतो. पुढं त्याचा मुलगा कामाक्ष बापाचा सूड घ्यायला आला आणि मंतरलेल्या योगदंडानं त्यानं सगळ्या देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकल्या. सोडवलं कुणी? त्र्यंबोलीनं, म्हणजे टेंबलाईनं. मग विजयाचा मोठा समारंभ झाला, पंगती बसल्या, आणि जिच्यामुळं सगळे पुन्हा दोन पायांवर उभे होते तिलाच बोलवायचं राहून गेलं.

आपल्या घरच्या लग्नात एखादी आत्या पत्रिकेवाचून राहिली तर काय होतं ते आठवा. टेंबलाई टेकडीवर जाऊन बसली, आणि बसली ती अंबाबाईच्या देवळाकडं पाठ करून. आजही तशीच आहे. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी स्वतः टेकडीवर येते, बहिणीची समजूत काढते, कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याच्या तुकड्यांवर अशी झुंबड उडते की लांब उभं राहणं शहाणपणाचं.

आषाढात यायला जमलं तर आणखी मजा. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतून बाया डोक्यावर त्या पाण्याच्या कळश्या घेऊन टेंबलाईला निघतात, पुढं वाजंत्री. त्या वाजंत्रीचं कोल्हापुरी नाव ‘पी ढबाक’. नावातच चाल आहे, वेगळी ऐकायला नको.

हे रत्नागिरी ते नव्हे

आता गाडी वायव्येला. जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी. आमच्याकडं येणाऱ्या एका नातेवाइकांनी फोनमध्ये नुसतं ‘रत्नागिरी’ लिहिलं, फोनमधल्या बाईनं हुकूम सोडले आणि मंडळी आंबा घाटाच्या तोंडाशी पोचल्यावर ‘अजून डोंगर कसा येईना’ म्हणून त्यांचा फोन आला. जोतिबा कोल्हापूरपासून जेमतेम १८ किलोमीटर. हापूसचं रत्नागिरी घाट उतरून समुद्रावर.

टेंबलाई पाठ करून बसली. जोतिबाची तऱ्हा उलटी. राक्षसांच्या लढाईत अंबाबाईच्या मदतीला आलेला हा देव काम झाल्यावर हिमालयात केदारनाथाला परत निघाला होता. अंबाबाई अनवाणी डोंगर चढून गेली आणि विनवणी करून तिनं त्याला थांबवलं. तो थांबला तो दक्षिणेकडं तोंड करून, करवीरावर नजर ठेवून. म्हणून त्याला दख्खनचा केदार म्हणायचं. माघातल्या रविवारी आजही हजारो माणसं कोल्हापुरातून अनवाणी चालत हा डोंगर चढतात. त्याला म्हणतात जोतिबाचे खेटे. तलाठ्याच्या कचेरीला आपण जे खेटे घालतो, तोच शब्द. फरक एवढाच की इथं पहिल्याच खेपेला दर्शन होतं.

आजचं मुख्य देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचं हे कुलदैवत. राणोजींच्या एका मुलाचं नावच जोतिबा होतं. आणि जोतीराव फुल्यांचं नाव? तेही इथलंच. ११ एप्रिल १८२७ चा त्यांचा जन्म जोतिबाच्या यात्रेच्या दिवसातला, म्हणून नाव जोती, असं चरित्रकार सांगतात. देव्हाऱ्यांवर आयुष्यभर कडक बोलणाऱ्या माणसाला नाव मिळालं ते एका देवाच्या जत्रेतून.

चैत्र पौर्णिमेला डोंगर गुलालानं असा माखतो की देवळाचा काळा दगड, पुजारी, पोलीस आणि चहावाल्याची किटली सगळे एका रंगाचे होतात. खोबरं, दवणा, गुलाल आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’. सासनकाठी हा या यात्रेचा जीव: तीस-चाळीस फुटी उंच काठी, वर निशाण, चारी बाजूंनी दोर ताणून धरलेले आणि मधला गडी ती अंगावर तोलून हलगीच्या तालावर नाचवतोय. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीला. कोल्हापूरच्या डोंगरावर पहिला मान साताऱ्याचा, आणि तो निमूट मान्य! आमच्या इतिहासात असं फारसं घडत नाही.

आता ती कट्यार. यात्रेच्या संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाईच्या देवळाकडं जाते आणि तिथं यमाई आणि जमदग्नी यांचं लग्न लागतं. यमाई म्हणजे रेणुका. जमदग्नी येतात ते कट्यारीच्या रूपात. नवरदेव म्यानातला, अक्षता खऱ्या, आणि वऱ्हाड काही लाखांचं. अशा लग्नात कुणाचं बोलावणं राहण्याचा प्रश्नच येत नाही. टेंबलाईच्या प्रकरणातून कुणीतरी धडा घेतलेला दिसतो.

पन्हाळ्यावर भाकरी आणि चाफा

जोतिबावरून पन्हाळा समोरच दिसतो. गड जुना, त्याचं मूळ नाव पन्नगालय म्हणजे सापांचं घर, असं सांगतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा एक. पाट्या नव्या झाल्या, झुणका-भाकरी तीच राहिली. दोन्ही चांगलंच.

इतिहासाच्या फेऱ्यात बहुतेकजण एक देऊळ चुकवतात: तळ्याकाठचं सोमेश्वर. १६५९ साली गड घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आणि मावळ्यांनी इथं महादेवाला लाख चाफ्याची फुलं वाहिली, अशी आठवण सांगतात. लाख फुलं मोजली कुणी, हे विचारू नका. कवी मोरोपंत १७२९ मध्ये याच गडावर जन्मले; आर्या मोजून लिहिणारा माणूस होता, त्यानं मोजली असती.

जिल्ह्याच्या टोकाला

दुपारनंतर गगनबावडा. कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर, लोकसंख्येनं जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका आणि पावसात सर्वांचा बाप. इथून कोकणात उतरायला दोन घाट, करूळ आणि भुईबावडा. एवढ्याशा गावाला दोन-दोन घाट, आणि आमच्या शहरात एका पुलासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं. असो.

गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे. जवळजवळ वरपर्यंत गाडी जाते. गडावर गैबी पिराचा दर्गाही आहे. धुकं उतरलं की मठ, दर्गा आणि तुमची गाडी तिन्ही दिसेनाशी होतात. अशा वेळी दिवे लावून गप्प उभं राहावं. घाई करणाऱ्याला खाली कोकण फार जवळ आहे.

पण या बाजूचं माझं लाडकं ठिकाण गडावर नाही, वाटेतल्या पळसंबे गावाजवळ आहे. रामलिंग. झाडीतून खाली उतरलं की ओढा, आणि ओढ्यातच एकेका अखंड कातळाची कोरलेली छोटी देवळं. वेरूळच्या कैलासात जी युक्ती वापरली तीच इथं: आणून रचायचं काही नाही, नको तेवढा दगड काढून टाकायचा. तिथं राजानं डोंगर फोडला, इथं कुणी तरी ओढ्यातल्या कातळातच देव शोधला. पावसाळ्यात पाणी या देवळांच्या अंगाखांद्यावरून वाहतं. तिकीट, रांग, माइक, नारळाचं दुकान यातलं काही नाही. दोन दिवसांत एकच देऊळ पाहायला वेळ असेल, तर जोतिबा माफ करो, मी इकडं येईन.

देऊळ नाही, तरी थांबा

दुसऱ्या दिवशी राधानगरी. धरण शाहू महाराजांचं स्वप्न, गावाला नाव त्यांच्या लेकीचं, राधाबाईंचं. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात आणि उतरलं की मिटतात. जुलै-ऑगस्टात कोल्हापूरकर उठल्या-उठल्या रामराम म्हणायच्या आधी विचारतो, ‘राधानगरीचे किती उघडले?’ पंचगंगेकाठच्या माणसाला हीच काकडआरती.

बाजूचं दाजीपूर हे गव्यांचं अभयारण्य, १९५८ पासूनचं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात राधानगरीचं हे जंगलही आलं. रस्त्यात गवा उभा असेल तर हॉर्न वाजवू नका. तो रस्ता त्याचाच आहे आणि त्याचं वजन तुमच्या गाडीशी बरोबरी करणारं आहे.

मेंढरांचा देव

राधानगरीहून पूर्वेला आलं की मुदाळ तिट्टा. तीन वाटा जिथं मिळतात त्या जागेला आमच्याकडं तिट्टा म्हणतात; वडा खायला यापेक्षा योग्य जागा मराठीत नाही. तिथून हाकेवर आदमापूर, बाळूमामांचं.

बाळूमामा १८९२ मध्ये चिकोडी तालुक्यातल्या अक्कोळ गावी धनगराच्या घरी जन्मले आणि १९६६ मध्ये गेले. म्हणजे त्यांना पाहिलेली माणसं गावात अजून भेटू शकतात. या डोंगरातला हा सगळ्यात ‘ताजा’ देव. २०१८ मध्ये टीव्हीवर मालिका आली आणि अमावास्येची गर्दी आणखी फुगली. पण खरं आश्चर्य देवळात नाही, रानात आहे. मामांची मेंढरं आजही हजारोंच्या संख्येनं, वेगवेगळ्या कळपांत गावोगाव हिंडतात. दुसऱ्या कुणाची मेंढरं पिकात शिरली तर काठी निघते. ही आली तर शेतकरी हात जोडतो, आपल्या रानात बसवायला विनवतो. पुण्य तर पुण्य, वर लेंडीखत.

कोल्हासुराच्या मुलानं सगळ्या देवांची मेंढरं केली होती, आठवतंय ना? या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं कुठं लिहिलेलं नाही. आदमापुरात कळप आडवा आला की मला मात्र ती गोष्ट आठवते, आणि मी गाडी बंद करून आधी नमस्कार करतो. कोण जाणे, त्यात कोण असेल.

न बोलणाऱ्याच्या नावानं

गारगोटीहून आत पाटगाव. इथं मौनी महाराजांचा मठ. दक्षिणेच्या मोहिमेवर निघण्याआधी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते, असं परंपरा सांगते. बोलणं काय झालं असेल याची कल्पना करा. एक बाजू तर मौनात. पुढं शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी गारगोटीला ग्रामीण शिक्षणाची संस्था उभी केली आणि तिला नाव दिलं श्री मौनी विद्यापीठ. विद्यापीठात रात्रंदिवस बोलायचं आणि नाव मौन पाळणाऱ्याचं! अध्यापनाच्या क्षेत्रात इतका चांगला विनोद दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

पाटगाव आता ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. बाटली घ्याच. जंगलात किती जातींची झाडं फुलतात ते वाचून कळणार नाही, चमचाभर चाखलं तर थोडं कळेल.

वेळ उरला तर भुदरगड. गडावर भैरवनाथाचं देऊळ आणि दूधसागर नावाचा तलाव, ज्याचं पाणी मातीमुळं खरंच दुधाळ दिसतं. नाव ठेवणाऱ्यानं अतिशयोक्ती केली नाही, अशी ठिकाणं कमीच.

उलटी नदी, छोटा मासा

शेवटचा टप्पा आजऱ्यावरून. तिथं हिरण्यकेशीच्या धबधब्याशी रामतीर्थ; बाजारात घनसाळ तांदूळ, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भात शिजताना शेजाऱ्याला वास जातो, त्यामुळं त्यालाही थोडा घ्या. मग त्याच नदीच्या उगमाकडं, आंबोलीला. जिल्हा बदलतो, सिंधुदुर्ग लागतो, पण नदी आपलीच.

ही नदी मुलखाची हट्टी. जन्मते ती घाटाच्या कड्याजवळ, जिथून अरबी समुद्र हाकेवर. तिकडं पाठ फिरवून ती पूर्वेला निघते, आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते, मग कृष्णेला, आणि अख्खी दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. टेंबलाईची वंशज शोभते.

उगमाशी गुहेतून पाणी येतं, महादेवाचं देऊळ आहे, पुढ्यात कुंड. याच पाण्यात २०२० साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना करंगळीहून लहान असा एक मासा सापडला, जो शास्त्राला तोवर ठाऊकच नव्हता. नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. नदीचं आणि माशाचं नाव आता एकच. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. माणसं शतकानुशतकं इथं हात जोडून उभी राहिली आणि पायाशी कोण पोहतंय हे कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

तेव्हा एक विनंती. या कुंडात साबण लावून पाय धुवू नका, नाणी टाकू नका, निर्माल्याची पिशवी तर नकोच. दक्षिणा द्यायचीच असेल तर ती पेटीत टाका. मासा दगडाच्या रंगाचा आहे, पटकन दिसत नाही. काठावर बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच मिनिटं गप्प राहा.